परक्या गाडीचं दार

ही गोष्ट माझ्या मामाची आहे. सख्ख्या मामाची. कुणी पाठवलेली नाही, कुठे वाचलेली नाही.

खरी कशावरून, असं विचाराल तर एकच सांगते. मामाने ती आम्हाला सांगितली तेव्हा मामी शेजारी बसली होती. एरवी मामाने "काल पाऊस पडला" म्हटलं तरी "पाऊस कसला, चार शिंतोडे होते" म्हणणारी बाई. त्या दिवशी तिने त्याचं एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. शेवटपर्यंत मान खाली घालून बसली होती.

आणि रात्र, अंधार असलं काही मनात आणू नका.

भर उन्हाळ्यातली दुपार होती. बाहेर बघितलं की डोळे दिपावेत असं ऊन.

हायवेच्या कडेला मामाची शेड. मागे घर, पुढे शेड, मधल्या दारातून चहा ये-जा करणार. काम ट्रकच्या रंगाचं. अख्खी गाडी नव्याने रंगवायची म्हटलं की मामा तोंड वाकडं करायचा. ते काय, कुणीही करेल. जिथे रंग उडालाय, खरवडलाय, तेवढीच जागा अशी भरायची की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं हे गाडीच्या मालकालाही कळू नये, ही त्याची खोड. दवाखान्यात कुणाला भेटायला गेला तरी पेशंटच्या आधी पलंगाचा रंग कुठे उडालाय ते बघायचा.

रंग जुळवायचं काम मात्र मामीचं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन विटलेला निळा काही डब्यात मिळत नाही. मामी थेंब थेंब घालून तो तयार करायची. मग उन्हात धरून डोळे बारीक करायची आणि मामावर खेकसायची, "आता मारा. आणि भसाभसा मारू नका."

त्या दिवशी शेडमध्ये उभी असलेली गाडी परक्याची नव्हती. धाकट्या मामाची होती.

धाकटा मामा ड्रायव्हर. मिसरूड फुटल्यापासून दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आलेला. "एक दिवस स्वतःची घेईन" हे आम्ही त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढे पुढे कुणी मनावर घेत नव्हतं.

आणि खरंच त्याने घेतली.

मागे लांबलचक ट्रेलर जोडतात तसला मोठा ट्रक. जुना, निळा. इंजिन ठणठणीत. फक्त केबिनचा रंग जागोजागी उडालेला. एक कंपनी त्याला कायमचं काम द्यायला तयार होती, पण त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बघायला येणार होता. खरवडलेली, गंजकी गाडी त्यांना चालत नव्हती.

"दादा, उद्यापर्यंत नवरीसारखी दिसली पाहिजे," धाकटा म्हणाला.

"नवरीच्या वयाची तरी आहे का ती?" मामी म्हणाली.

सगळे हसले. मामा म्हणायचा, त्या गाडीपाशी आम्ही तिघं हसलो ते तेवढंच.

काम सुरू झालं. बाकीची केबिन भराभर उरकली. मग मामा ड्रायव्हरच्या दाराकडे वळला.

उडालेल्या रंगाची कड पॉलिश पेपरने घासून उतरवली की पत्र्यावर रंगांची वलयं दिसतात. सगळ्यात वर आताचा रंग, त्याखाली प्रायमर, त्याखाली आणखी जुना रंग असेल तर तो. बाकीच्या केबिनवर निळा, करडा प्रायमर, मग थेट पत्रा. बास.

दारावर निळ्याच्या खाली हिरवा निघाला.

"दार या गाडीचं नाही," मामा म्हणाला.

मामी जवळ आली. हिरव्यावरून तिने बोट फिरवलं. हिरवा रंग गुळगुळीत नव्हता. त्याला फोड आले होते... आणि फोडांवरूनच कुणीतरी घाईघाईने निळा मारून टाकला होता.

"जळालंय हे," ती म्हणाली. "उन्हाने असे फोड येत नाहीत."

भंगारातलं दार बसवणं यात नवल काही नाही. ट्रकच्या धंद्यात निम्म्या गाड्या अशाच जोडजोडून चालतात. तरी मामीने धाकट्याला विचारलं, "कुणाच्या गाडीचं आहे रे हे?"

"मला काय माहीत, वहिनी? गाडीच सेकंडहँड, दार थर्डहँड असलं म्हणून काय बिघडलं?" असं म्हणून तो दाराचं नवं रबर आणायला बाजारात निघून गेला.

शेडमध्ये दोघंच उरले. मामा आणि मामी.

मामाने दार पत्र्यापर्यंत घासलं. पत्रा सपाट आहे का हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी वरून काळी पावडर चोळतात आणि लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून फिरवतात. खोलगट जागी काळं राहतं. उंचवटा असेल तिथलं काळं सगळ्यात आधी जातं.

मामाने ठोकळा फिरवला.

खिडकीच्या खाली एक ठिपका चमकला.

शेजारी दुसरा...

मग तिसरा... चौथा...

चार ठिपके, जरा कमानीत. आणि खाली, एका बाजूला, पाचवा.

गाडीला बाहेरून ठोकर बसली तर पत्रा आत जातो. हा पत्रा बाहेर आला होता. आतून.

त्याने हातोडी घेतली, ते उंचवटे हलक्या हाताने ठोकून बसवले. परत पावडर चोळली. परत ठोकळा फिरवला.

ठिपके परत आले.

पण त्याच जागी नाही... चार बोटं वर. हँडलच्या बाजूला.

"अगं, इकडे ये जरा," मामाने हाक मारली. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्याने प्रयत्न केला होता, पण मामी हातातला डबा खाली ठेवून धावतच आली. तिने ते पाच ठिपके बघितले. आपला हात त्यांच्यापुढे धरला, पत्र्याला न लावता. बोटांची ठेवण अगदी ठिपक्यांसारखीच होती. फक्त हा पंजा तिच्यापेक्षा बराच मोठा होता.

"अस्तर काढून बघा," ती म्हणाली.

दाराला आतून जे अस्तर असतं ते मामाने स्क्रू काढून उतरवलं. अस्तर आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधल्या जागेत काचेची यंत्रणा असते, लॉकच्या सळया असतात. हात कसाबसा जातो. तिथे जुना हिरवा रंग तसाच होता.

फक्त एका पट्ट्यात नव्हता.

ऊन लागून गेलेला रंग फिका पडतो. गंजाने गेलेला फुगून सोलतो. इथला रंग हळूहळू झिजला होता. गुळगुळीत. सारखा हात लागत असतो त्या कठड्याचा झिजतो ना, तसा.

पण इथे हात लावायला जागा कुणाला होती?

"उद्या सकाळी माणूस येणार आहे," मामा स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला आणि अस्तर परत बसवलं.

मामीने कागद लावायला घेतले. रंग उडू नये म्हणून काचा, आरसे, दिवे सगळं जुन्या पेपरने झाकतात आणि कडेने चिकटपट्टी लावतात. या दाराची काच खाली करून खिडकीच्या चौकटीवरच तिने कागद ताणून बसवला. मामाने दार लोटलं.

दार लागलं... आणि आपोआप बोटभर उघडलं.

त्याने परत लोटलं. परत बोटभर फट.

"लॉक ढिलं आहे," मामा म्हणाला.

कॉम्प्रेसर सुरू केला. टाकी हवेने भरली, कॉम्प्रेसर आपला आपण बंद झाला. रंग मारायची गन खुंटीला टांगलेली. मामा हात पुसत होता. शेडमध्ये अगदी शांत झालं. बाहेर हायवे, पण त्या वेळी एकही गाडी जात नव्हती.

मामाने दार जोर लावून बंद केलं आणि खांद्याने रेटून धरलं.

कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला.

मामाने दचकून गनकडे बघितलं. गन खुंटीलाच होती. कॉम्प्रेसर मनाने सुरू होत नाही. टाकीतली हवा कुणी वापरली तरच होतो.

"पाइप गळतोय," तो म्हणाला. खांदा दाराला लावलेलाच. मामीने साबणाचं पाणी आणून सगळ्या जोडांवर ओतलं. एक बुडबुडा नाही.

टाकीवरचा हवेचा काटा मात्र खाली येत होता. जरा यायचा... थांबायचा. जरा यायचा... थांबायचा.

"अहो," मामी अगदी हळू म्हणाली. "कागद बघा."

खिडकीवरचा कागद आत ओढला जात होता. मग सैल पडत होता. परत आत. काट्याबरोबर. दम लागलेल्या माणसाचं पोट हलावं तसा.

मामा मागे सरकला. खांदा सुटला. दार बोटभर उघडलं.

कागद थांबला. काटा थांबला.

मामीने पुढे होऊन दार सताड उघडलं. माझी मामी अशीच आहे, घाबरली की जास्त धीट होते. आत सीट होती, स्टीअरिंग होतं, उन्हाने तापलेल्या रेक्झिनचा वास होता.

कुणी नव्हतं.

"दार उघडं असलं की थांबतंय," ती म्हणाली. "याला हवा लागतेय. हे दार काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

धाकटा मामा रबर घेऊन आला तेव्हा दोघं शेडच्या बाहेर उन्हात उभे होते. मामाने त्याला सगळं सांगितलं. पत्रा, अस्तर, काटा, कागद, काही लपवलं नाही. धाकट्याने ऐकून घेतलं. मग केबिनमध्ये चढला, दार ओढून लावलं, बोटभर फट राहिली. आतून ओरडला, "मी तर मस्त बसलोय! भूत कुठाय?"

"चेष्टा नको करूस," मामी म्हणाली. "दुसरं दार बघू. दोन-चार दिवस थांब."

धाकटा खाली उतरला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"वहिनी, उद्या ही गाडी त्यांनी बघितली नाही तर काम दुसऱ्याला जाईल. दादा, सगळा जन्म लोकांच्या गाड्या चालवल्या मी. गाडीला ओरखडा गेला की मालकाच्या शिव्या. झोप आली तर झोपायची चोरी. आता कुठे स्वतःची झाली, तर तू मला कागद हलतो म्हणून सांगतोस?"

मामाचा जीव या भावावर फार. लहानपणी आई गेल्यावर त्यानेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला. त्याचं पडलेलं तोंड त्याला बघवेना. आणि खरं सांगायचं तर, डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट भावाला पुन्हा सांगताना त्याला स्वतःलाच ती पोरकट वाटायला लागली होती.

"बरं," मामा म्हणाला. "करतो."

मामी घरात निघून गेली. थोड्या वेळाने रंग कालवून घेऊन आली. डबा ठेवला आणि परत गेली. जुळला का, हे उन्हात धरून तिने पहिल्यांदाच बघितलं नाही.

मामाने लॉक बदललं. सगळीकडून नवं रबर बसवलं. दार बंद केलं. या खेपेला ते उघडलं नाही.

आता पुढचं नीट ऐका, कारण मामाला आजपर्यंत तेच खातंय.

दाराची कड रंगवताना दार किलकिलं ठेवायचं असतं. बंद दारावर गन मारली तर रंग फटीत जाऊन बसतो आणि दार चिकटतं. हे रंगाऱ्याच्या शेडमध्ये झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं. मामाने दार बंद ठेवून रंग मारला. फटीवरून. किलकिल्या दारासमोर उभं राहण्याची त्याची छातीच झाली नाही.

पहिला हात मारून झाला.

कॉम्प्रेसर धडधडत होता. तोंडाला मास्क होता. तरी त्याला ऐकू आलं...

थप.

पत्र्याच्या पलीकडून. तळव्याने मारल्यासारखं.

थप... थप...

"मी ऐकलं," मामा आम्हाला म्हणाला. "ऐकलं, आणि दुसरा हात मारला."

सकाळी दार असं दिसत होतं की बाकीच्या केबिनपासून ओळखू येऊ नये. मामाच्या हातून इतकं चांगलं काम त्याआधी झालं नव्हतं. कंपनीच्या माणसाने गाडीला एक चक्कर मारली आणि मान डोलावली. धाकटा चढायला गेला तर दार उघडेना. रंगाने फट बुजली होती. मामाने कडेने सुरी फिरवली तेव्हा ते सुटलं.

"दादा, एवढं पक्कं? आत हवा तरी येईल ना?" धाकटा हसत म्हणाला. वाकून दोघांच्या पाया पडला आणि हॉर्न वाजवत गेला.

पुढचे काही दिवस त्याचे फोन यायचे. गाडी झकास आहे. सगळे विचारतात, रंग कुठे केला? वहिनीला सांग, कागद अजून तरी हलला नाही.

मग एकदा म्हणाला, "केबिनमध्ये जरा कोंदट वाटतं रे."

"खिडकी उघड," मामा म्हणाला.

"उघडीच आहे."

मामा उठून उभाच राहिला. "गाडी आहे तिथे उभी कर. मी येतो. दार काढून टाकू."

"हा माल उतरवू दे. परत येताना थेट तुझ्याकडेच येतो," धाकटा म्हणाला. बोलताना तो मध्येच थांबत होता. जिना चढून आलेला माणूस बोलतो तसा.

तो परत आला नाही.

रस्त्याच्या कडेला, मोकळ्या माळावर गाडी उभी होती. सकाळची वेळ. इंजिन चालू. दोन्ही काचा पूर्ण खाली. एका दुसऱ्या ड्रायव्हरने बघितलं, त्याला वाटलं झोपलाय. बाहेर इतका वारा सुटला होता, की त्याला स्वतःची टोपी धरून चालावं लागत होतं.

डॉक्टर म्हणाले, गुदमरून गेला. कशाने, ते त्यांना सांगता आलं नाही. धूर नाही, गॅस नाही, अंगावर खूण नाही. दाराचं आतलं अस्तर त्याने ओरबाडून काढलं होतं आणि दोन्ही तळवे बाहेरच्या पत्र्याला आतून टेकलेले होते. लॉक उघडं होतं. नुसतं ढकललं असतं तरी दार उघडायला हवं होतं.

मामाने गाडी परत आणली. ती चालवायला कुणी तयार होईना, ओढून आणावी लागली. शेडमध्ये आल्या आल्या त्याने ते दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. जमिनीवर आडवं टाकलं. पत्रा कापायचं मशीन आणलं. तुकडे तुकडे करून भट्टीत पाठवायचं, इतकंच त्याच्या डोक्यात होतं. मामी पण होय म्हणाली.

मशीन सुरू केलं. पातं पत्र्याला लावणार...

थप.

मामाने मशीन बंद केलं.

कितीतरी वेळ तो गुडघ्यांवर तसाच बसून होता. मामी म्हणाली, "कापा ना. थांबलात का?"

"आत तो आधीचा एकटाच असता तर कापलं असतं गं," मामा म्हणाला. आणि मग जे रडायला लागला, ते भावाला पोचवतानाही रडला नव्हता तेवढं रडला.

ते दार अजून आहे. मी बघितलंय. शेडमध्ये नाही, अंगणात आहे, मधोमध. लोखंडी चौकट करून मामाने ते उभं केलंय, दोन्ही बाजू मोकळ्या. अस्तर नाही, काच नाही, रबर नाही. त्याला कशाचाही आडोसा होऊ देत नाही. पावसाने निळा रंग उडत चाललाय, खालचा पत्रा दिसायला लागलाय, पण ट्रकवरचा एक ओरखडा न सोसणारा माझा मामा त्याला ब्रश लावत नाही.

उन्हाळ्यात वारा पडला, झाडाचं पान हलेनासं झालं, की तो शेडमधून कॉम्प्रेसरचा पाइप ओढत आणतो. गन नाही, नुसता पाइप. दारासमोर स्टूल टाकून बसतो आणि पत्र्यावर हवा सोडत राहतो.

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा असाच बसला होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले. विचारलं, "मामा, अजून येतो आवाज?"

त्याने हो म्हणून मान हलवली. मग पाइप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "धर जरा. मी जेवून येतो. बंद करू नकोस."

मी धरला.

तो येईपर्यंत मी पाइप बंद केला नाही. हात भरून आला तरी नाही.